दूरच्या प्रवासाला विमानाऐवजी भाड्याची गाडी : कोकणातून हिशेब कसा मांडावा?

हातखंबा तिठा यांनी सुरू केलेला धागा

दिवाळीनंतर आमच्या घरातील सहा जणांना उडुपी, कोल्लूरची मूकांबिका आणि जमल्यास शृंगेरी असा प्रवास करायचा आहे. मंडळींत सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे आता जिने चढू देत नाहीत, आणि दोन शाळकरी मुले आहेत. आमची स्वतःची गाडी लहान आहे, त्यामुळे ती बाद. पुण्यातील मेहुण्यांचे ठाम मत आहे की एवढ्या लांब विमानानेच जावे, कारण मुंबई ते मंगळूर विमानाला जेमतेम दीड तास लागतो.

तो दीड तास खरा आहे, पण तो मुंबईकराचा आहे. आम्ही रत्नागिरी तालुक्यात राहतो. मंगळूरचे विमान पकडायचे तर आधी सव्वातीनशेहून अधिक किलोमीटर उत्तरेला मुंबई गाठायची, त्यासाठी रात्र बसमध्ये काढायची, विमानतळावर दोन तास आधी हजर व्हायचे, आणि मग ज्या किनाऱ्यावर आपले घर आहे त्याच किनाऱ्याच्या अंगाने पुन्हा दक्षिणेला उडायचे. मंगळूरला उतरल्यावर उडुपी आणखी साठेक किलोमीटर, म्हणजे तिथे टॅक्सी आलीच. उत्तर गोव्यातील मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला आहे, पण तो आमच्यापासून दोनशे किलोमीटरच्या घरात, आणि तिथून मंगळूरला जायचे तर बहुधा दुसऱ्या शहरात विमान बदलावे लागते. सिंधुदुर्गातील चिपी विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी थाटात झाले, पण तिथली उड्डाणे कधी सुरू तर कधी बंद, त्यामुळे त्यांच्या भरवशावर सासूबाईंना घराबाहेर काढण्याचे धैर्य होत नाही.

याउलट घरासमोरचा राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलला सुरू होऊन थेट कन्याकुमारीपर्यंत जातो आणि उडुपी त्याच रस्त्यावर आहे. इथून अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आत-बाहेर पडते. जेवण आणि विश्रांती धरून एक पूर्ण दिवस, किंवा मध्ये काणकोण अथवा कारवारला मुक्काम करून दोन निवांत दिवस. दारापासून दारापर्यंत मोजले तर विमान आमचा वेळ वाचवत नाही, आणि सहा तिकिटांच्या पैशांत गाडीचे भाडे व इंधन सुटते असे मला दिसते. मात्र भाड्याच्या गाडीचे व्यवहार मला फारसे ठाऊक नाहीत. चालकासह गाडी घ्यावी की स्वतः चालवायची? ती रत्नागिरीत घ्यावी की गोव्यात? करारात कोणत्या गोष्टी आधी पाहून घ्याव्यात? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

घाटमाथ्यावरचा

आपला वेळेचा हिशेब योग्यच आहे. परंतु भाड्याच्या गाडीत मार्गाआधी पाहायची गोष्ट म्हणजे तिची नंबरप्लेट, आणि नेमकी तीच शेवटी पाहिली जाते. स्वतः चालवण्यासाठी कायदेशीररीत्या भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाडीची पाटी काळी असते व त्यावर पिवळी अक्षरे असतात. चालकासह मिळणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली गाडी खासगी असते, मग ती देणारा माणूस कितीही ओळखीचा असो.

हा भेद केवळ रंगाचा नाही. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात आणि भाडे घेऊन केलेला वापर त्यात स्पष्टपणे वगळलेला असतो. गाडीमालक पैसे घेऊन पांढऱ्या पाटीची गाडी आपल्याला देतो, सगळे सुरळीत पार पडले तर कोणाला काही कळत नाही. पण कारवारच्या पुढे कुठे अपघात झाला आणि ती गाडी भाड्याने घेतली होती हे उघड झाले, तर विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळते. दुरुस्तीचा खर्च एक वेळ सोसता येईल, परंतु समोरच्या माणसाला इजा झाली असेल तर प्रकरण फार लांबते. आपल्याकडे गावात ‘आपलोच माणूस हा’ म्हणून चावी हातात मिळते, आणि तीनशे रुपयांचीही पावती नसते. सहा जणांना घेऊन दोन राज्यांच्या सीमा ओलांडायच्या असतील तर असे करू नये.

स्वतः चालवण्याच्या गाड्या देण्यासाठी १९८९ ची रेंट-अ-कॅब योजना आहे. तिच्यातील मूळ अट किमान ५० गाड्यांच्या ताफ्याची असल्यामुळे लहान गावात असा परवानाधारक सहसा सापडत नाही. म्हणून रत्नागिरीत आपल्याला चालकासह टॅक्सी सहज मिळेल, पण काळ्या पाटीची गाडी शोधावी लागेल. गाडी कोणतीही असो, नोंदणी प्रमाणपत्र, पर्यटन परवाना, योग्यता प्रमाणपत्र, विमा आणि पीयूसी या पाचही कागदांच्या प्रती निघण्याच्या आदल्या दिवशी फोनवर मागवून घ्याव्यात व त्यांच्यावरील मुदतीच्या तारखा स्वतः वाचाव्यात. आपला मार्ग पत्रादेवीला गोव्यात शिरतो, पोळे-माजाळीला कर्नाटकात. तिथे गाडी थांबवली गेली आणि परवान्याची मुदत संपलेली निघाली, तर ताटकळत बसणार आपण, मालक नव्हे.

ओसरीवरून

चालकासह गाडी घेणार असाल तर दराइतकेच किमान अंतराकडे लक्ष द्यावे. परगावच्या भाड्यात बहुतेक टूरवाले दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात, काही २५० धरतात. गाडी उडुपीच्या लॉजबाहेर दिवसभर उभी राहिली तरी तो आकडा लागतो. आपले जाणे-येणे अकराशे किलोमीटर, कोल्लूर आणि शृंगेरीच्या फेऱ्या मिळून आणखी तीनेकशे, म्हणजे एकूण चौदाशेच्या आसपास. पाच दिवसांत परतलात तर आकारणी पंधराशेची होईल, म्हणजे फारसे नुकसान नाही. मुक्काम एका दिवसाने वाढला की तीच आकारणी अठराशेवर जाते आणि चारशे किलोमीटरचे पैसे गाडी न हलता जातात. म्हणून आधी दिवस पक्के करा, मग दर विचारा. चालकाचा रोजचा भत्ता, रात्रीच्या प्रवासाचा वेगळा आकार, टोल आणि पार्किंग यांचे काय, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावे. अंतर गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजणार की आपल्या दारापासून, हेही विचारावे. चिपळूणची गाडी हातखंब्याला आली तर त्या एका शब्दाने दीडशेहून अधिक किलोमीटर वाढतात.

रूळ आणि रस्ता

विमान की गाडी, या वादात सगळे कोकण रेल्वेला विसरलेले दिसतात. २६ जानेवारी १९९८ पासून हा मार्ग पूर्ण खुला आहे आणि मत्स्यगंधा एक्स्प्रेस रत्नागिरीहून उडुपीला नेते. मी असे सुचवेन की लांबचे अंतर रेल्वेने कापावे आणि जिथे खरोखर गाडीची गरज आहे तिथे, म्हणजे उडुपीत, चालकासह गाडी घ्यावी. कोल्लूर आणि शृंगेरीचे रस्ते तिथल्या चालकाच्या अंगवळणी असतात. महामार्गाचे साडेपाचशे किलोमीटर कंबर मोडून घेण्यात कसले आले पर्यटन?

हातखंबा तिठा

रेल्वेचा विचार आम्ही पहिल्यांदा केला होता. अडचण दोन प्रकारची आहे. दिवाळीनंतरच्या आठवड्यात सहा जणांचे आरक्षण एकाच डब्यात मिळत नाही, आणि सासूबाईंना वरचा बर्थ चालत नाही. दुसरे असे की त्यांना दर दोन तासांनी पाय मोकळे करावे लागतात. गाडी आपली असली की जिथे सावली दिसेल तिथे थांबता येते. मात्र रेल्वेने जाऊन तिथे गाडी घेण्याचा पर्याय मी पूर्ण सोडलेला नाही.

ओसरीवरून यांनी दिलेला हिशेब घरी वाचून दाखवला. शृंगेरी ठेवायची की नाही यावर आता रीतसर चर्चा सुरू झाली आहे.

खलाशी

धाग्याचा विषय जवळचाच आहे म्हणून विचारतो. आम्ही दापोलीकडचे, आणि आम्हालाही पुढच्या महिन्यात भाड्याची गाडी घेऊन मालवणमार्गे गोव्याला जायचे आहे. मुंबईहून मोपाला उडून येणाऱ्या भावाला वाटते की आम्ही उगाच त्रास घेतो. आमचा विचार दाभोळ-धोपावे फेरीने गुहागरला उतरून, पुढे तवसाळ-जयगड फेरीने गणपतीपुळ्याकडे जाण्याचा आहे. भाड्याची गाडी फेरीबोटीवर चढवायला हरकत असते का?

घाटमाथ्यावरचा

काही करारांत बोटीवरची वाहतूक स्पष्टपणे वगळलेली असते, काहींत तिचा उल्लेखच नसतो. उल्लेख नसेल तर लेखी परवानगी मागून घ्यावी. त्यांनी एका ओळीत ‘हरकत नाही’ असे कळवले तरी पुरते.

पुळणीवर

फेरीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आमचे घरच धक्क्यावर आहे. धोका पाण्यात नसतो, तो उतारावर असतो. ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात कोन तयार होतो, त्यावर शेवाळ व ओलसर वाळू असते, आणि बुटकी गाडी फळीवर चढताना पुढचा बंपर खाली घासतो. बोटीवरचा खलाशी हाताने इशारा करत असतो, त्याच्याकडेच पाहावे. मागे बसलेल्या नातेवाइकांच्या सूचना ऐकू नयेत. बोटीवर गाडी उभी केली की हँडब्रेक ओढावा, गाडी पहिल्या गियरमध्ये ठेवावी आणि आरसे मिटावेत, कारण शेजारची गाडी हातभर अंतरावर येऊन थांबते. माणसांनी शक्यतो खाली उतरून उभे राहावे. भाड्याच्या गाडीचा बंपर खालच्या बाजूने आधीच घासलेला असेल तर त्याचा फोटो चढण्यापूर्वी काढून ठेवावा; परत करताना तो ओरखडा आपल्या नावावर लागतो.

फेरीमुळे दापोली-गुहागर प्रवासात चिपळूणचा वळसा वाचतो हे खरे, पण शेवटच्या फेरीची वेळ फोन करून विचारूनच निघावे. शेवटची बोट चुकली तर रात्री त्याच वळशाने जावे लागते.

आणखी एक गोष्ट. किनाऱ्यावर गाडी नेऊ नये. ओली पुळण टणक दिसते, पण चाक एकदा रुतले की जितकी रेस द्याल तितके ते खाली जाते, आणि भरती कोणासाठी थांबत नाही. दरवर्षी सुट्ट्यांत ट्रॅक्टर लावून गाड्या बाहेर काढाव्या लागतात. खाऱ्या पाण्याने बिघडलेल्या इंजिनाची भरपाई भाडेकरारानुसार गाडी नेणाऱ्यालाच भरावी लागते.

काजूच्या बागेतून

मूळ प्रश्नाकडे वळतो. गोव्यात गाडी घेण्याचा विचार असेल तर आधी एक चौकशी करावी. तिथे काळ्या पाटीच्या गाड्या मुबलक आहेत, पण अनेक मालक त्या गोव्याबाहेर नेऊ देत नाहीत, आणि हे चावी हातात देताना सांगतात. मडगाव स्थानकावर सामानासह उभे असताना हे ऐकण्याची वेळ येऊ नये.

सहा जण म्हणजे सात आसनी गाडी लागेल, आणि सात आसनी गाडीत शेवटची रांग उघडली की सामानाला जागा जवळपास उरत नाही. त्यात सीएनजीची गाडी असेल तर टाकी मागे आलीच. छतावर कॅरियर आहे का, आणि त्यावर टाकायला ताडपत्री आहे का, हे विचारा. नोव्हेंबरातही एखादी सर येऊन जाते. इंधन गोव्यात महाराष्ट्रापेक्षा स्वस्त पडते, म्हणून इथून टाकी काठोकाठ भरून निघू नका; पत्रादेवी ओलांडल्यावर भरा आणि काणकोण सोडण्यापूर्वी पुन्हा भरा.

रस्त्याविषयी सांगायचे तर आपल्या बाजूचा महामार्ग कणकवली-कुडाळच्या टप्प्यात चांगला आहे. गोव्यात झुआरीचा नवा पूल झाल्यापासून कुठ्ठाळीची ती कुप्रसिद्ध कोंडी बरीच सुटली. कारवारला काळी नदीवरचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर कोसळला. त्याच पावसाळ्यात, १६ जुलै रोजी, अंकोल्याजवळ शिरूर इथे दरड महामार्गावर येऊन माणसे दगावली. डोंगर कापून रुंद केलेला रस्ता एका अंगाला आणि नदी किंवा समुद्र दुसऱ्या अंगाला, अशी त्या भागाची रचना आहे. म्हणून माझे मत असे की जून ते सप्टेंबर हा प्रवास गाडीने करूच नये, आणि दिवाळीनंतर मात्र जरूर करावा. बैंदूर आणि कुंदापूर यांच्या मध्ये मरवंतेला रस्त्याच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी आहे. विमानातून जाणाऱ्याला हे दिसणार नाही.

शृंगेरीसाठी आगुंबेचा घाट चढावा लागेल. वळणे अतिशय आवळ आहेत. भरलेल्या सात आसनी गाडीला तिथे एका दमात वळण घेता येत नाही, मागे घेऊन पुन्हा वळवावी लागते. आपल्या आंबा किंवा कुंभार्ली घाटाचा सराव असलेल्याला अवघड नाही. ज्याने फक्त शहरात गाडी चालवली आहे त्याने चालकच घ्यावा.

स्पष्टवक्ता

सगळ्यांचा सूर एकाच बाजूचा आहे म्हणून थोडे विरुद्ध लिहितो. हा हिशेब सहा माणसांचा आहे म्हणून जुळतो. गाडीचे भाडे माणसागणिक वाटले जाते, विमानाचे तिकीट वाटले जात नाही. उद्या एकट्याने किंवा दोघांनी बंगळूर, हैदराबादला जायचे असेल तर रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर गाठून तिथून उडणे कधीही परवडते, वेळेतही आणि पैशांतही. शिवाय महामार्गावर बारा तास गाडी चालवणाऱ्या माणसाचा थकवा कोणीच खर्चात धरलेला नाही. घरातील एकच व्यक्ती चालवणार असेल तर स्वतः चालवायची गाडी घेऊ नये. आणि दोघे चालवणार असतील तर दोघांचेही परवाने करारात नोंदवलेले असावेत. नोंद नसलेल्या व्यक्तीच्या हातून काही झाले तर कंपनी हात वर करते.

पुळणीवर

स्पष्टवक्ता यांच्याशी सहमत. गणपतीच्या दिवसांत याला आणखी एक पदर असतो. कोकणात येणाऱ्या गाड्यांना टोलमाफीचा पास मिळतो, पण त्यावर गाडीचा क्रमांक लिहावा लागतो, आणि भाड्याच्या गाडीचा क्रमांक बहुधा आदल्या रात्री कळतो. तेव्हा तो पास आपल्यासाठी नाहीच असे धरून चालावे.

चतुर्थीचा चाकरमानी

गाडी ताब्यात घेतानाचा माझा शिरस्ता लिहितो. फोटो न काढता व्हिडिओ काढावा, कारण त्यात तारीख-वेळेसह गाडीला पूर्ण फेरी मारता येते आणि नंतर ‘हा फोटो दुसऱ्या गाडीचा’ असे कोणी म्हणू शकत नाही. सुरुवात नंबरप्लेटपासून करावी, चारही चाकांच्या कडा, काचेवरचे बारीक तडे, आतले छत, सीटवरचे डाग, किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटा एकाच सलग चित्रीकरणात यावा. स्टेपनीत हवा आहे का हे अंगठ्याने दाबून पाहावे. जॅक आणि पाना आहेत का हे डिकीची चटई उचलून पाहावे. फास्टॅग कोणाच्या खात्यावर आहे व त्यात शिल्लक किती, हे विचारावे. वेगाचे ई-चलन गाडी परत केल्यानंतर काही दिवसांनी मालकाकडे येते आणि अनामत रकमेतून कापले जाते, म्हणून अनामत कधी व कशी परत मिळणार हेही लिहून घ्यावे.

एका मालकाने आमची अनामत ‘वास येतो’ या कारणावरून अर्धी अडवून ठेवली होती. डिकीत सुकट आणि बांगडे होते हे मी नाकारत नाही, पण ते तीन पिशव्यांत बांधलेले होते. तेव्हापासून सुकी मासळी छतावर जाते. हापूसच्या पेटीला मात्र आजवर कोणी हरकत घेतलेली नाही. फक्त पेंढ्याचे कण सीटच्या फटीत जातात, तेवढे झटकून द्यावेत.

एक लहानशी बाब राहिली. मोठी गाडी घेतलीत तर परतल्यावर ती दारापर्यंत येते का, हे आधी पाहून ठेवा. आमच्या वाडीची वाट दोन्ही बाजूंनी जांभ्याच्या गडग्यांत सापडलेली आहे. आरसे मिटून, एक माणूस पुढे चालवून गाडी आत आणावी लागते आणि बाहेर काढताना उलटी.

हातखंबा तिठा

सर्वांचे मनापासून आभार. घरी बसून निर्णय केला तो असा : चालकासह पिवळ्या पाटीची सात आसनी गाडी रत्नागिरीतच घ्यायची, पाच दिवस, जाताना काणकोणला मुक्काम, शृंगेरी रद्द. सासूबाईंनीच रद्द केली. आगुंबेच्या वळणांचे वर्णन त्यांना वाचून दाखवायला नको होते असे मुलांचे म्हणणे आहे. दोन टूरवाल्यांशी बोललो. एकाने दर कमी सांगितला, पण कागद मागितल्यावर ‘कशाला हवेत, आम्ही नेहमी जातो’ असे उत्तर दिले. दुसऱ्याने नोंदणी, विमा आणि पीयूसी लगेच पाठवले, मात्र पर्यटन परवान्याची प्रत अजून आलेली नाही. ती सोमवारी देतो म्हणाला आहे. तोपर्यंत आगाऊ रक्कम दिलेली नाही.

ओसरीवरून

योग्य केलेत. शृंगेरी गेल्यामुळे तुमचे अंतर बाराशे-सव्वाबाराशेवर आले आहे, तेव्हा परवान्याबरोबर किमान अंतर ३०० ऐवजी २५० करून मागा. पाच दिवसांचे साडेबाराशे होतात; तुमच्या फेऱ्यांना ते पुरते.